साडेतीनशे मीटर पाइपची फिर्याद

नोकरीत मी शेळीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांच्या चोऱ्या लिहून घेतल्या. जमिनीत पुरलेला साडेतीनशे मीटर पाइप चोरीला गेल्याची फिर्याद मात्र एकदाच आली, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तीच पहिली डोळ्यांसमोर उभी राहते.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. गावात एसटीडीचे बूथ झाले होते, घराघरात केबल आली होती आणि नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कॉम्प्युटर आला होता. त्याला स्वतंत्र खोली, स्वतंत्र पंखा आणि दारात चपला काढायची सक्ती. पुण्याच्या एका कंपनीने गावातल्या सगळ्या पाइपलाइनचा नकाशा त्यात भरून दिला होता. कुठल्या गल्लीत किती इंची पाइप, व्हॉल्व्ह कुठे, लांबी किती, सगळं रंगीत. गावाला पाणी चार दिवसांआड मिळायचं, नकाशा मात्र रोज पाहायला मिळायचा.

फिर्याद घेऊन आले ते पाणीपुरवठ्याचे अभियंता. नुकतेच बदलून आलेले, तरुण, कडक इस्त्रीचे कपडे, काखेत नकाशाची गुंडाळी. त्यांनी ती माझ्या टेबलावर पसरली आणि दोन कोपऱ्यांवर माझीच टोपी आणि शाईची दौत ठेवली.

"खदानीमागच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन ऑफिसात आल्या, पाणी नाही म्हणून," ते म्हणाले. "नकाशा पाहिला तर टाकी चौकापासून वस्तीपर्यंत चार इंची लोखंडी लाइन आहे. मग पाणी का जात नाही? दोन ठिकाणी खोदलं. पाइपच नाही."

"मग?"

"मग काय साहेब, चोरीला गेला."

दुष्काळी भाग आमचा. विहिरीवरच्या मोटारी, शेतातले पाइप रातोरात गेल्याची उदाहरणं होती. पण रस्त्याखालचा पाइप? मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी नकाशावरच्या निळ्या रेषेवर बोट ठेवलं.

"कॉम्प्युटरमध्ये आहे साहेब. माणूस चुकेल, मशीन कसं चुकेल?"

नंतर मला कळलं की याच नकाशाच्या भरवशावर त्यांनी जिल्ह्याला अहवाल धाडला होता, की गावातली एकही वस्ती पाइपलाइनशिवाय नाही. आता तो अहवाल त्यांच्या गळ्याशी आला होता. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेला माणूस दुसऱ्याचं नाव लवकर घेतो हे मी बऱ्याच टेबलांपलीकडे पाहिलं आहे.

त्यांनी नाव घेतलं ते खात्यातल्या व्हॉल्व्हमनचं. मी त्यांना इथे नानाच म्हणतो, सगळं गाव म्हणायचं तसं. मूळचे चकलांब्याकडचे. तीस वर्षं सायकलला लांब चावी बांधून गावभर फिरायचे, चौकाचौकातलं झाकण उघडून पाणी सोडायचे आणि बंद करायचे. निवृत्तीला चार महिने राहिले होते. जमिनीखाली काय आहे हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि तेच त्यांच्या अंगाशी आलं. अभियंत्यांनी फिर्यादीत लिहून दिलं: सदर इसमास खोदण्यापूर्वीच त्या ठिकाणी पाइप नसल्याची माहिती होती.

"तुम्हाला कसं कळलं, त्याला माहिती होती ते?" मी विचारलं.

"तोच म्हणाला. 'कशाला खोदता साहेब, तिथं लाइन न्हाई.' ज्याने काढला त्यालाच माहीत असणार ना?"

गुन्हा दाखल झाला. तपास माझ्याकडे. माझ्या शर्टाच्या खिशात एक छोटी वही असायची, अधिकृत डायरीपेक्षा वेगळी, माझी स्वतःची. तीत मी पहिल्याच दिवशी शाईने लिहिलं: आरोपी, आणि पुढे नानांचं पूर्ण नाव.

दुसऱ्या दिवशी खबर आली. आमच्या हवालदाराचा एक खबऱ्या बसस्टँडवर फळांची गाडी लावायचा. तो म्हणाला, नाना पंधरा दिवसांपूर्वी भंगारवाल्याच्या वखारीत उभे होते, चार इंची पाइपची चौकशी करत होते. हवालदार एवढा खूश झाला की त्याने त्याच घटकेला अटकेचा कोरा फॉर्म काढून माझ्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवला. सरकारी नोकर अटकेत गेला की निलंबन, आणि निलंबनात निवृत्ती आली की पेन्शन लटकलं. तीस वर्षांची नोकरी त्या एका कागदाखाली येणार होती.

नानांना बोलावणं धाडलं. ते सायकलवरूनच आले. सायकल ठाण्याच्या भिंतीला नीट टेकवली, चावी सोडून बरोबर आत आणली आणि दाराशी आडवी ठेवली. अंगात खाकी सदरा, खाली धोतर, पायात टायरच्या चपला. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मी नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. नाव, वय, नोकरी किती, घरी कोण. बायको वारलेली, मुलगी तेलगावकडे दिलेली. मग पाइपवर आलो.

"त्या लाइनचे पाइप कुठे गेले नाना?"

ते गप्प. खाली बघून चपलेच्या पट्ट्याशी पायाच्या बोटाने खेळत राहिले. ठाण्यात गप्प बसणारे दोन प्रकारचे असतात, एक ज्याला बोलायचं नाही आणि दुसरा जो हिशेब लावतोय. नाना दुसऱ्या प्रकारचे वाटले. थोड्या वेळाने त्यांनीच मला प्रश्न विचारला.

"साहेब, येक इचारू का? चोरी झाली आसं ठरलं, तर हापिसाला तिथं नवी लाइन टाकावीच लागंल ना?"

"तो ऑफिसचा प्रश्न आहे."

"पर टाकत्याल ना? जे व्हतं अन् गेलं, ते पुन्यांदा द्यावं लागतंय ना सरकारला?"

मला वाटलं, म्हातारा सौदा करतोय. मीही ठोकून दिलं, "हो, टाकावीच लागेल."

त्यांनी मान हलवली. मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "मग लिवा. मीच काढले पाइप."

हवालदाराने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मीही सुखावलो, खोटं कशाला बोलू. चहाचा कपही थंड झाला नव्हता आणि गुन्हा उघड झाला होता. पण कबुलीजबाब कसा घ्यायचा हे आमच्या जुन्या वरिष्ठांनी शिकवलं होतं. आरोपी हो म्हणाला की प्रश्न संपत नाहीत, तिथून सुरू होतात.

"कशाने काढले?"

"कुदळीनं."

"बरोबर कोण होतं?"

"कुनीच न्हाई. मी येकलाच."

"साडेतीनशे मीटर? एकटेच? किती दिवस लागले?"

नानांनी विचार केला. "येक दिस."

हवालदाराने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"आणि जोड कसे सुटे केले? लोखंडी पाइपच्या जोडात शिसं असतं ना?"

इथे मात्र नाना एकदम रंगले. शिसं कसं वितळवायचं, दिवा कुठून धरायचा, घाई केली तर पाइपचं तोंड कसं फुटतं, एक जोड नीट सुटायला किती वेळ जातो, सगळं हातवारे करून समजावलं. बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं की या गतीने त्या लाइनचं काम महिन्याच्या आत उरकणारं नाही. ते थांबले. कान लाल झाले.

"मी लई भराभर केलं साहेब," ते हळूच म्हणाले.

ज्या माणसाला आपल्या कामाबद्दल खोटं बोलता येत नाही, त्याला चोरीबद्दल खोटं बोलताना पाहणं फार अवघड असतं. मी जबाब अर्धा ठेवला. हवालदार फॉर्म पुढे सरकवत होता, मी तो पुन्हा पेपरवेटखाली सारला. आधी मुद्देमाल, मग अटक, असं सांगून त्याला गप्प केलं.

मुद्देमालासाठी भंगारवाल्या चाचांकडे गेलो. वखारीत जुन्या पत्र्यांच्या ढिगाजवळ ते खाटेवर बसले होते. पोलिसांना पाहून दचकले नाहीत. तीस वर्षांत नानांनी त्यांच्या गल्लीलाही पाणी सोडलं होतं.

"नानांनी पाइप विकले तुम्हाला?"

"तौबा! साब, वो बेचने कू नई आया था. लेने कू आया था."

"घ्यायला?"

"जी. बोला, चाचा, जुने चार इंची पाइप आसले तर सांगा. किती मीटर म्हणलं तर बोला साडेतीनशे. मैं हँसा. बोला, नाना, घर बनाते की नहर?"

विकायला आलेला माणूस आणि घ्यायला आलेला माणूस वखारीच्या दारात सारखाच दिसतो. आमच्या खबऱ्याने पाहिलं ते खरं होतं, सांगितलं ते आमच्या सोयीचं होतं. मी ते अर्धवट ऐकून माझ्या मनात पूर्ण केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच, खोदकामाचा एक अनुभवी मुकादम आणि नाना यांना घेऊन खदानीमागच्या वस्तीत पंचनाम्याला गेलो. पंचनाम्याची रीत अशी की आरोपीने पुढे चालायचं आणि जागा दाखवायची. नाना चालू लागले. टाकी चौकातून निघाले, पिंपळापाशी थांबले, पावलांनी मोजल्यासारखे डावीकडे वळले. अंधारात सोडलं असतं तरी चुकले नसते. "हितून खडकाच्या आंगानं जायला पायजे..." असं म्हणाले आणि चाचरले. "म्हंजी, गेलती."

मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चार जागी खोदायला सांगितलं. मुकादमाने दहा-बारा घाव घातले आणि कुदळ टेकवून उभा राहिला.

"साहेब, हितं पाइपासाठी चारी कंदी खोदलेलीच न्हाई. भरलेली चारी आसली की माती मऊ लागती, दुसऱ्या रंगाची निगती. ह्यो मुरूम देवानं ठिवला तसाच हाय."

चारही जागी तेच. पंच एकमेकांकडे बघू लागले. तोवर वस्तीतली माणसं जमली होती. त्यांतून एक बाई पुढे आली, पन्नाशीची, हातात तांब्या. तिने आम्हा कुणाकडे न बघता तो नानांपुढे धरला.

"नाना, पानी घ्या. ऊन लई हाय." मग माझ्याकडे वळली. "ह्यांला कावून आणलंय साहेब?"

"इथले पाइप चोरले म्हणून."

"कंचे पाइप?" ती बघतच राहिली. "मी लगीन होऊन आले तवापासून ह्याच वाटंनं खदानीतून हंडे आणतेय. हितं पाइप आसता तर आमाला ठावं नसतं का?"

नाना पाणी पीत होते. त्यांनी तिला डोळ्यांनी गप्प बसायची खूण केली. ती मी पाहिली.

चोरीच्या तपासात माल सापडत नाही, आरोपी सापडत नाही, हे नेहमीचं. इथे आरोपी कबूल होता आणि चोरीच सापडत नव्हती. मग ती निळी रेषा आली कुठून? मी सरळ पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेलो आणि कॉम्प्युटरच्या खोलीला वळसा घालून नकाशांच्या जुन्या कपाटापाशी गेलो. तिथे अनुरेखक बाई बसायच्या. हाताने नकाशे काढायची नोकरी त्यांची, वीसेक वर्षांची. पुण्याच्या कंपनीने ज्यावरून काम केलं तो मूळ कागद मी मागितला.

त्यांनी तो काढला. मी खिडकीशी नेऊन उजेडावर धरला. वस्तीकडे जाणारी रेषा काळ्या शाईची होती, पण शाईखाली पेन्सिलीच्या तुटक रेघा दिसत होत्या.

"हे काय आहे बाई?"

बाईंनी कागद पाहिला आणि स्टूल ओढून बसल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या खात्यात एक रीत होती, कुठल्या नियमात लिहिलेली नाही. जी लाइन टाकायचं ठरलं आहे, ती नकाशावर पेन्सिलीने, तुटक काढायची. काम झालं म्हणून कंत्राटदाराने सांगितलं तरी पेन्सिलच. साहेबांनी सांगितलं तरी पेन्सिलच. शेवटच्या घरी पाणी पोचलं की नाना कपाटापाशी यायचे आणि म्हणायचे, "बाई, पाणी आलं. शाई करा." तेव्हा बाई दौत उघडायच्या. वीस वर्षांत त्यांनी नानांच्या शब्दाशिवाय एकही रेषा शाईची केली नव्हती.

"मग ही?"

"कंपनीची माणसं आली. म्हणाली, आमच्या मशीनला पेन्सिल दिसत नाही, सगळं शाईत द्या. मी तेव्हाच्या साहेबांना विचारलं, ठरलेल्या लाइनचं काय करू? ते म्हणाले, यंदा पडणारच आहेत त्या, करून टाका. कंपनीच्या तक्त्यातही पाइप म्हणजे नुसता पाइप. ठरलेला की टाकलेला, असं लिहायला रकानाच नव्हता." त्यांनी पदराने डोळे पुसले. "एका दुपारी सगळं गिरवलं मी. नाना सुट्टीवर होते. त्यांना विचारायला थांबले नाही साहेब."

ते साहेब बदलून गेले, लाइन पडली नाही, आणि कॉम्प्युटरच्या लेखी वस्तीला पाणी मिळालेलं होतं. म्हणून नव्या कामांच्या यादीतून वस्तीचं नाव गळलं. ज्यांच्याकडे पाइप आहे त्यांना पुन्हा पाइप कोण देणार?

मी ठाण्यावर आलो. नाना बाकावर बसून होते. हवालदाराला चहा सांगितला, दाराबाहेर थांबायला सांगितलं आणि नानांना या वेळी हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"नाना, तिथे कधीच लाइन नव्हती. तुम्ही काहीच काढलं नाही. मग कबूल का झालात?"

त्यांनी चहा बशीत ओतला.

"दोन साल सांगतोय साहेब, तिथं लाइन न्हाई, तिथं लाइन न्हाई. समदे म्हनत्यात कॉम्प्युटरमधी हाय. मपल्या सांगन्यानं काय व्हतंय? जुने पाइप घिऊन मीच टाकावी म्हनलं, तर चाचाकडं तेवढे नव्हते. मंग तुमीच बोल्ले, चोरी झाली तर नवी टाकत्यात." त्यांनी बशी खाली ठेवली. "नव्हतीच म्हनलं तर कुनी देत न्हाई. व्हती अन् गेली म्हनलं तर देत्यात. म्हनून बोललो."

"अहो, तुरुंगात गेला असता. पेन्शन गेलं असतं."

"व्हय. पर साहेब, समद्या गावाला पानी मी सोडतो. उन्हातान्हात फिरतो, पर मला कुनी घोटभर इचारत न्हाई. त्या वस्तीतून जाताना ती बाई रोज तांब्या देती. डोईवरून आनलेलं पानी. तीस वरसं पेतोय मी. मला लाज वाटती साहेब."

मी उठून खिडकीपाशी गेलो. आरोपीसमोर डोळे भरून येणं बरं दिसत नाही, आणि तोवर कागदोपत्री ते आरोपीच होते. अटकेचा फॉर्म मी पेपरवेटखालून काढला आणि फाडला. हवालदार दारातून बघत होता. मग नानांची सायकल त्याने स्वतः रस्त्यापर्यंत आणून दिली.

अशा प्रकरणाला आमच्याकडे 'सी' समरी म्हणतात. गुन्हा खरा नाही, कुणी मुद्दाम खोटाही केलेला नाही, गैरसमजातून दाखल झाला. मी अंतिम अहवालात स्पष्ट लिहिलं, की सदर लाइन नियोजित असून अद्याप टाकलेली नाही, वस्तीस पाणी नाही. पंचनामा जोडला, बाईंचा जबाब जोडला. कोर्टाने अहवाल मंजूर केला. त्याची एक प्रत जिल्ह्याला जावी याची काळजी मी घेतली.

अभियंत्यांना दुरुस्तीचा अहवाल पाठवावा लागला. त्यांनी तो पाठवला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते नानांच्या घरी जाऊन आले. मग त्यांनी कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने नियोजित पाइपसाठी कॉम्प्युटरमध्ये वेगळा थर केला, रेषा तुटक, रंग करडा. रकाना दिला: ठरलेला, टाकलेला, चालू. चालू झाल्याशिवाय तो पाइप गावाच्या लांबीत धरायचा नाही. जुन्या कागदाशी ताडून बाईंनी आणि नानांनी मिळून एकेक रेषा तपासली, तेव्हा अशा आणखी सहा निघाल्या. सहा वस्त्यांना कागदावर पाणी मिळालेलं होतं.

लाइन पडायला पुढे वर्ष लागलं. नाना तोवर सन्मानाने निवृत्त झाले होते. एके सकाळी ठाण्यात फोन आला, बाईंचा. "साहेब, जमलं तर या."

मी गेलो. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर टायरच्या चपला काढलेल्या होत्या. आत खुर्चीवर आता बाई बसल्या होत्या, बाजूला अभियंता उभे, आणि दाराशी नाना, अंग चोरून. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. वस्तीतल्या शेवटच्या नळापासून ते तसेच आले होते.

बाईंनी वळून विचारलं, "नाना, पाणी आलं का?"

"आलं बाई. त्या वस्तीतल्या बाईनं पैला हंडा भरला अन् मलाच तांब्या देलता. शाई करा."

"तुम्हीच करा," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवरून उठल्या.

नाना नको नको म्हणत राहिले. अभियंत्यांनी त्यांना बसवलं. नानांनी बोट धोतराला पुसलं, पुन्हा पुसलं, आणि बाईंनी दाखवलेली कळ दाबली. पडद्यावरची करडी तुटक रेघ निळी आणि सलग झाली. ते तिच्याकडे बघत बसले. आम्ही तिघे त्यांच्याकडे.

त्यानंतर मी खिशात पेन्सिल ठेवू लागलो. कुणी सांगितलं, कुणावर संशय आला, कुणी कबूल झालं, हे सगळं पेन्सिलीने. स्वतः जाऊन, खोदून, पाहून आलो की मगच पेन. हाताखालच्या पोरांनाही तेच शिकवलं. त्यातले काही आज मोठे अधिकारी आहेत आणि मला हसतात, पण पेन्सिल बाळगतात.

ती जुनी वही माझ्याकडे अजून आहे. पहिल्या दिवशीचं पान उघडलं की 'आरोपी' या शब्दापुढे नानांचं पूर्ण नाव दिसतं, माझ्याच अक्षरात. मी त्यावर दोन आडव्या रेघा मारल्या आहेत. पण ते मी शाईने लिहिलं होतं, त्यामुळे रेघांखालून अजून वाचता येतं.